गुरुराजची जागा

रविवारी सकाळी नाश्त्याची ताटं उचलली गेल्यावर प्राणेशनं टेबलावर ओल्या शेंगा मांडायला सुरुवात केली. त्याची बहीण अलका शेंगा सोलत होती. तिच्या परातीतूनच त्यानं अकरा उचलल्या. एक मागे, मग दोन, मग तीन, आणि पुढे पाच.

"खायच्या आहेत त्या," त्याची बायको कस्तुरी म्हणाली.

"खाऊ ना. आधी बघ." प्राणेशनं मधल्या तिघांपैकी मधल्या शेंगेवर बोट ठेवलं. "हा सेंटर हाफ. आज इथं पूवय्या आहे. मला इथं गुरू हवा."

नवयुग स्पोर्टिंग हा हॉकी क्लब वडिलांनी, आप्पाजींनी, काढला तेव्हा बेंगळूरच्या गंगानगरात घरांपेक्षा मोकळे प्लॉटच जास्त होते. धारवाडहून येऊन कारखान्यात फिटर झालेला माणूस सुट्टीच्या दिवशी पोरं गोळा करायचा आणि हेब्बाळच्या तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यालगतच्या मैदानावर त्यांच्या हातात स्टिका द्यायचा. मोठा मुलगा प्राणेश गोलकीपर झाला, धाकटा गुरुराज सेंटर हाफ. जावई दत्ता आला, तोही फुलबॅक. आप्पाजींनी अलकाचं लग्न जमवताना मुलाचा पगार विचारला की खेळायची जागा, यावर घरात अजून थट्टा चालायची. आता प्राणेश खेळत नव्हता, क्लबचा कारभार बघायचा. दत्ता मात्र छत्तिसाव्या वर्षीही खेळत होता. गुरुराज एकोणनव्वद साली खेळाडूंच्या जागेवर बँकेत लागला आणि मुंबईला गेला. दोन वर्षांत परत येतो म्हणाला होता. त्याला सात वर्षं झाली.

आणि आता बँकेनं आपला हॉकीचा संघच बंद केला होता. संघातल्या सगळ्यांना टेबलं मिळणार होती, गुरुराजच्या वाट्याला जबलपूर होतं. फक्त एक सवलत ठेवली होती. एखाद्या शहरातल्या क्लबानं खेळाडू म्हणून नाव नोंदवलं, तर बदली त्या शहरात मिळत होती.

"मग नोंदवा की नाव," अलका म्हणाली. "त्यात मांडायचं काय एवढं?"

"सीलिंग," प्राणेश म्हणाला.

हा शब्द त्या उन्हाळ्यात घरात रोज ऐकू यायचा. लीगमधल्या आठ क्लबांनी मिळून ठरवलं होतं की कुठल्याही संघानं खेळाडूंवर ठरावीक रकमेपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. शेतजमिनीला असतं तसं आता खेळाडूंनाही सीलिंग आलं होतं. पैसेवाल्या क्लबांनी सगळे चांगले खेळाडू उचलू नयेत, हा त्यामागचा हेतू. आणि हा नियम मांडला होता खुद्द प्राणेशनंच, टेबलावर मूठ आपटून. खेळाडूंचे अ, ब, क असे दर्जे केले आणि प्रत्येक दर्जाचं मानधन ठरवून दिलं. कुणी फुकट खेळतो म्हणाला तरी ते हिशेबात धरलं जाणार होतं, नाहीतर मागच्या दारानं पैसे द्यायला सगळे मोकळे.

"गुरू भारताकडून खेळलाय. म्हणजे अ दर्जा. पूवय्याही यंदा अ मध्ये गेला. दोन अ आपल्याला झेपत नाहीत." प्राणेशनं मधली शेंग उचलून बाजूला ठेवली. "पूवय्याला सोडलं तर काम होतं. पण तो सुटला की संध्याकाळच्या आत कंटोनमेंट क्लबवाले त्याला नेतील, आणि पुढची दहा वर्षं आपण त्याच्याविरुद्ध खेळत बसू."

"आणि त्याला सोडायचं नसेल तर?" कस्तुरीनं विचारलं.

प्राणेशची नजर मागच्या दोन शेंगांवर, फुलबॅकांवर, गेली. दत्ता भिंतीला टेकून पेपर वाचत होता, त्यानं पेपर खाली केला. त्याला हिशेब आधीच कळला होता. दत्ता ब दर्जाचा. तो आणि पुढच्या फळीतला एक ब गेले, की एका अ ची जागा होत होती.

"आप्पाजींची फार इच्छा आहे," प्राणेश म्हणाला, "गुरूनं यावं अशी."

आप्पाजी दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी प्राणेशकडे पाहिलं, चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि पुन्हा घातला.

*

गुरुराज दुपारी आला. रिक्षावाल्याशी कन्नडमध्ये हुज्जत घालतच तो फाटकातून आत शिरला, आणि त्या आवाजानंच प्राणेश हातातलं काम टाकून बाहेर आला. फोनवर हा आवाज वेगळा यायचा, जपून बोलल्यासारखा. कानशिलावर केस पिकले होते. खांद्यावरची बॅग उतरवताना त्यानं सगळा भार उजव्या पायावर घेतला. प्राणेशला ते दिसलं आणि त्यानं ते मनाआड केलं.

"अक्का, काय केलंयस?" गुरुराजनं दारातूनच विचारलं.

"तुझं डोकं," अलका म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसत आत गेली.

जेवताना सगळे एकदम बोलत होते. मुंबईतली खोली, खोलीतला तमिळ सोबती, खानावळीतली वरणासारखं सांबार. गुरुराज चित्रान्न, लिंबू पिळलेला फोडणीचा भात, तीनदा मागून जेवला. कस्तुरीनं लग्नाचा विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, जबलपूरची मुलगी बघा आता. नाहीतर इकडचीच बघा, काय ठरतंय त्यावर." सगळे हसले आणि हसणं मध्येच थांबलं, कारण काय ठरतंय ते त्याला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

तेव्हा दत्ता बोलला. तो मुळात कमी बोलणारा माणूस होता. ताटातला घास तसाच ठेवून तो म्हणाला, "मी यंदा थांबावं म्हणतोय. खूप खेळलो. गुडघे दुखतात."

"कधीपासून?" अलकानं विचारलं.

"काय कधीपासून?"

"गुडघे. कधीपासून दुखतात? माझ्या कानावर कसं आलं नाही?"

अलकानं हातातली भातवाढी पातेल्यात टाकली. "अण्णा, हे तू बोलायला लावलंस यांना."

"मी एक शब्द बोललो नाही, अलका."

"शेंगा मांडल्यास ना सकाळी. तेच बोलणं झालं. पंधरा वर्षं हा माणूस कामावरून सुटून मैदानावर गेलाय. लेकीच्या बारशाला उशिरा आला, का तर तुमची सेमीफायनल. आता याला घरच्या घरी काढायचं, आणि ते पण त्यानंच स्वतःच्या तोंडानं म्हणायचं."

"स्वल्प हळू, अलका," कस्तुरी म्हणाली. "गुरुभावजी आजच आलेत."

"तो माझा भाऊ आहे, वहिनी. त्यानं यावं असं मला वाटत नाही का? मला कुणापेक्षा कमी वाटतं?" तिचा आवाज फुटला. "पण माझ्या घरात एकाला आत घ्यायला दुसऱ्याला बाहेर का जावं लागतं?"

गुरुराज सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होता. मग त्यानं प्राणेशला विचारलं, "अण्णा, मी काही न घेता खेळलो तर?"

"तरी धरतात."

"कुणी केला असला नियम?"

"मी," प्राणेश म्हणाला.

गुरुराज हसला. खोटं नव्हे, मनापासून हसला, आणि लहानपणी हसायचा तसाच, मान मागे टाकून. "सरी, ठीक आहे. मग उद्या सकाळी मैदानावर बघू. तू गोलमध्ये उभा राहा. घरातल्यांना विचारून ठरवू नकोस. गोलमधून बघ आणि सांग."

जेवणानंतर प्राणेश पोर्चमध्ये आला तेव्हा आप्पाजी झाडांना पाणी घालत होते. नळी दुसऱ्या कुंडीकडे वळवत ते म्हणाले, "माझं नाव का घालतोस मध्ये?"

"कुठं?"

"सकाळी म्हणालास, आप्पाजींची इच्छा. मला तो इथं हवाय. जेवायला, बसायला. मला ताप आला तर डॉक्टरला बोलवायला. तो खेळावा अशी इच्छा माझी नाही रे. ती तुझी आहे."

"खेळल्याशिवाय त्याला इथं येता येत नाही, आप्पाजी."

"तेच तर वाईट आहे," आप्पाजी म्हणाले आणि नळ बंद करायला गेले.

*

सोमवारी उजाडताना प्राणेशनं पॅड बांधले. पट्टे शेवटच्या भोकातही पुरेनात, पूवय्यानं वाकून दोरीनं ते बांधून दिले. पूवय्या बावीस वर्षांचा, कोडगूचा म्हणजे कूर्गचा, लांब हातांचा. गुरुराज मैदानात उतरला तसा तो आपणहून जागेवरून सरकला आणि समोरच्या संघाकडे गेला.

खेळ सुरू झाला.

गोलकीपर झाल्यापासून प्राणेशनं आपल्या भावाचा खेळ नेहमी मागूनच पाहिला होता. बाकीच्या लोकांनी गुरुराजचा चेहरा पाहिला, वर्तमानपत्रात त्याचे फोटो पाहिले. प्राणेशला आठवायची ती त्याची पाठ, किंचित डावीकडे झुकलेली, आणि मागे न बघता मागे धरलेला हात, दोन बोटं, म्हणजे 'डावीकडून येतोय, तू पोस्ट धर'. नऊ वर्षं ते दोघं असे खेळले. नंतर गुरुराज गेला, त्या जागेवर चार जण येऊन गेले, सगळे चांगलेच होते. तरी प्रत्येक सामन्यात एखादा क्षण असा यायचा की प्राणेश त्या दोन बोटांची वाट बघायचा, आणि ती येत नाहीत म्हटल्यावर त्याला आपण उघड्यावर उभे आहोत असं वाटायचं. दोन हंगाम तसे काढून त्यानं खेळ सोडला. कारण विचारणाऱ्यांना त्यानं कंबर सांगितली होती.

आज ती बोटं आली. पहिल्याच पाच मिनिटांत गुरुराजनं हात मागे केला, दोन बोटं दाखवली आणि प्राणेश आपोआप डाव्या पोस्टकडे सरकला. चेंडू तिथंच आला. पॅडवर आदळून तो बाहेर गेला. गुरुराजनं वळून पाहिलं नाही. वळायची गरजच नव्हती.

वीसेक मिनिटं सगळं तसंच चाललं. गुरुराज धावत नव्हता, तो जिथं उभा राहायचा तिथंच चेंडू यायचा. स्टिकेवर चेंडू थांबल्याचा आवाजसुद्धा व्हायचा नाही. बाहेर बसलेली पोरं टाळ्या वाजवू लागली.

मग पूवय्या समोरून आला. उजवीकडे जातो असं दाखवून तो डावीकडून गेला. गुरुराजला ते कळलं होतं, प्राणेशला त्याच्या खांद्यांवरून दिसलं की कळलंय. पण डावा पाय वळला नाही. पुढच्या वेळी गुरुराज आधीच दोन पावलं मागे उभा राहिला, म्हणजे वळावं लागू नये. त्याच्या पुढच्या वेळी तीन. पोरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट काय अनुभवी माणूस आहे, असंच त्यांना वाटलं असणार. प्राणेश मात्र मागून बघत होता, आणि त्या मोकळ्या सोडलेल्या जागेतून लीग संपेपर्यंत, म्हणजे डिसेंबरपर्यंत, किती गोल होतील ते त्याला दिसत होतं.

खेळ संपल्यावर दोघं नळावर गेले. गुरुराजनं डोक्यावर पाणी घेतलं, तोंडावरून हात फिरवला.

"सांग."

प्राणेश पॅडची दोरी सोडत होता. गाठ सुटत नव्हती. सुटत नाही ते बरंच, असं वाटून तो तिच्याशी खेळत राहिला. मग म्हणाला, "चांगलं खेळलास. नाव देतो उद्या."

गुरुराजनं नळ बंद केला.

"अण्णा, चेंडू रेषेच्या आत गेला, पंचाला दिसला नाही, तरी तू हात वर करायचास. आप्पाजी घरी येऊन तुझ्यावर ओरडायचे. आठवतं?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

"तेव्हा सामना जायचा. आता तू जाशील." प्राणेशनं मान वर केली. "मला काय तो पाय दिसला नाही होय? दिसला. एक सीझन निघेल कसाबसा. एकदा बदली झाली की झाली, पुढचं पुढं. दत्तराव स्वतः तयार आहेत."

"दत्ताभावजी तयार नाहीत. ते चांगले आहेत, एवढंच." गुरुराज ओट्यावर बसला आणि त्यानं डावा पाय सरळ केला. "मला यायचंय रे. किती यायचंय ते तुला सांगता येणार नाही. मुंबईत रोज संध्याकाळी सहा वाजता मला वाटतं, आता तुम्ही मैदानावरून सुटला असाल, आता घरी पोचला असाल, अक्का आली असेल, वहिनीनं कॉफी टाकली असेल. पण अक्कानं दार उघडावं आणि मला बघून तिला भावजींचा खुंटीवर टांगलेला खेळायचा शर्ट आठवावा, असं नको. आणि पूवय्याला घालवून तर मुळीच नको. काय वळतो तो. मी असा वळायचो का कधी?"

"वळायचास."

"नाही," गुरुराज म्हणाला. "पण म्हणालास ते बरं वाटलं."

*

घरी गुरुराजनं स्वतःच सांगितलं, आपण जबलपूरला जातोय म्हणून. तेव्हा सगळ्यांत आधी भांडली ती अलका.

"का? यांनी सांगितलं ना थांबतो म्हणून. अण्णा, घे त्याला. मी काल बोलले ते रागात बोलले."

"अक्का, काल तू बरोबर होतीस."

"मला नाही बरोबर राहायचं," ती म्हणाली. दत्तानं तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिनं झटकला नाही.

कस्तुरीनं सुचवलं, नोकरी सोडा, इथं खासगी काहीतरी बघू. पण तेहेतिसाव्या वर्षी बँकेची नोकरी कुणी सोडत नाही, हे सुचवतानाच तिला माहीत होतं. आप्पाजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जबलपूरला थंडी असते ना रे? तुझ्याकडं जाड काही आहे का?" गुरुराज म्हणाला, आहे. नव्हतं. दुसऱ्या दिवशी मे महिन्याच्या उन्हात आप्पाजी सिटी मार्केटला जाऊन त्याच्यासाठी स्वेटर घेऊन आले, आणि तो मापानं मोठा झाला.

बुधवारी नावं द्यायची मुदत संपत होती आणि बुधवारीच संध्याकाळी गुरुराजची मुंबईची गाडी होती. प्राणेशनं घरीच त्याचा निरोप घेतला. क्लबचं काम आहे, म्हणाला. खरं म्हणजे गाडी सुटताना बघायची त्याची तयारी नव्हती. अलका आणि दत्ता स्टेशनवर जाणार होते.

चार वाजता तो स्कूटरनं पूवय्याच्या खोलीवर गेला. हेब्बाळला इस्त्रीवाल्याच्या दुकानावर एक खोली होती, तिथं कोडगूची तीन पोरं राहायची. पूवय्या एकटाच होता. त्यानं नोंदणीच्या कागदावर सही केली, तो परत दिला, आणि उभाच राहिला.

"काय झालं?" प्राणेशनं कन्नडमध्ये विचारलं.

"अण्णा, ते येणार होते ना? गुरुराज सर."

"होते."

"मला कुणी विचारलंच नाही." पूवय्या खिडकीकडे बघत बोलत होता. "मी अकरा वर्षांचा असताना ते विराजपेटला खेळायला आले होते. माझे मामा मला खांद्यावर बसवून घेऊन गेले होते. तेव्हापासून मी सेंटर हाफ. बेंगळूरला आलो तेव्हा मोठे क्लब बोलवत होते. मी तुमच्याकडे आलो, कारण हा त्यांचा क्लब. मला वाटायचं, कधीतरी सुट्टीला येतील, मैदानावर येतील. परवा आले आणि मी त्यांच्याविरुद्ध खेळलो. दोनदा चकवलं त्यांना. रात्री मला जेवण गेलं नाही. मी बाहेर बसलो असतो, अण्णा. एक वर्ष. मला चाललं असतं."

त्याला बाहेर बसवलं असतं तरी त्याचं मानधन हिशेबात धरलं गेलं असतं, हे प्राणेशनं त्याला सांगितलं नाही. आपण त्याला एक वर्ष बसू दिलं नसतं, हेही नाही. हा पोरगा गेली दोन वर्षं रोज समोर खेळत होता आणि त्याच माणसाची वाट बघत होता, हे आपल्याला कळलं कसं नाही, एवढंच त्याच्या मनात येत राहिलं.

"चप्पल घाल," तो म्हणाला.

"कुठं?"

"सिटी स्टेशन. उद्यान एक्सप्रेस अजून सुटायची आहे. आधी लीगच्या ऑफिसात हे देऊ आणि तसंच पुढं जाऊ."

रस्ताभर पूवय्या मागे बसून विचारत होता. ते सकाळी किती पळायचे, स्टिक कुठली वापरायचे, राग यायचा का त्यांना. प्राणेश मान अर्धी वळवून, ट्रॅफिकच्या आवाजावर आवाज चढवून सांगत होता. सात वर्षांत गुरूबद्दल एवढं तो कुणाशी बोलला नव्हता. मेखरी सर्कलपर्यंत तो फक्त खेळाचं सांगत होता. पुढं पॅलेस ग्राउंडच्या भिंतीपाशी आल्यावर त्यानं सांगितलं, गुरूला लहानपणी अंधाराची भीती वाटायची आणि तो आपल्या पांघरुणात येऊन झोपायचा.

फलाटावर अलका आणि दत्ता डब्याच्या दाराशी उभे होते. प्राणेशला बघून गुरुराज खाली उतरला, पण त्याच्या मागून येणारा पूवय्या दिसला आणि त्याचा चेहराच बदलला. पूवय्या पाया पडायला वाकला तर गुरुराजनं त्याला दंडाला धरून वर घेतलं. दोघं कन्नडमध्ये बोलू लागले, आधी थांबत थांबत, मग भराभर. गुरुराजनं रिकाम्या हातांनी स्टिक धरून दाखवली, पूवय्याच्या मनगटाचा कोन बदलला, त्याला वळायला लावलं, पुन्हा वळायला लावलं. हमाल त्यांना वळसा घालून जात होते. अलका काहीतरी सांगायला पुढं झाली, तर दत्तानं तिला थांबवलं.

प्राणेश खांबाजवळ उभा होता. त्यालाही बोलायचं होतं. काय ते ठरलेलं नव्हतं, पण येताना वाटेत वाटलं होतं की समोर गेल्यावर सुचेल. सिग्नल पडला तसा गुरुराज दारात चढला, आणि गाडी हलली तरी त्याचं बोलणं चालूच होतं. एका हातानं दांडी धरून, दुसरा हात हवेत फिरवत. पूवय्या डब्याच्या बरोबरीनं चालत होता, मग धावू लागला. गुरुराजनं एकदा मान वर करून खांबाकडे पाहिलं, प्राणेशनं हात केला. मग तो पुन्हा पूवय्याकडे वाकून काहीतरी म्हणाला, आणि डबा फलाटाच्या पुढं गेला.

पूवय्या धापा टाकत परत आला. त्याचा चेहरा घामानं आणि आनंदानं चमकत होता.

"काय म्हणत होता?" प्राणेशनं विचारलं.

"वळताना वजन कुठं ठेवायचं ते. सगळं सांगितलं त्यांनी."

"आणि शेवटी? शेवटी काय म्हणाला?"

पूवय्यानं रुळांकडे पाहिलं. गाडीचा मागचा दिवा अजून दिसत होता.

"ते तुमच्यासाठी होतं, अण्णा," तो म्हणाला. "पण गाडीच्या आवाजात मला नीट ऐकू आलं नाही."